पांढऱ्या टाचणीचा पतंग

नाना, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेराव्याला इथल्या मराठी मंडळातली झाडून सगळी आली होती. वेलिंग्टनहून गुरुजी स्वतः गाडी चालवत आले, सगळं नीट केलं आणि जेवून परतले. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते. साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग कुणीतरी म्हणालं, शेवटी शेवटी विसरायला लागले होते बिचारे. मी सिंकपाशी पातेली घासत होते, हातातलं पातेलं सुटलं. बायका म्हणाल्या, दमलीय, बसवा तिला. मी दमले नव्हते. हा माणूस काडीचंही विसरत नव्हता, हे मला त्या सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. पण अडीच वर्षं मूग गिळून बसलेलं तोंड ऐन वेळी उघडेना. मी पातेलं उचललं आणि परत घासायला घेतलं.

तुमच्याशी भांडायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. सासरे आहेत म्हणून गप्प बसायचं मला जमायचं नाही, आणि तुम्हालाही गप्प बसणारी सून नकोच होती. चहात साखर किती, सईशी घरात मराठीतच बोलायचं की नाही, पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर्स, चढवून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचं की नाही, सगळ्यावर आपली जुंपायची. समीर पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. भांडण झालं की अर्ध्या तासाने तुम्ही चहा टाकायचात आणि माझ्या कपात मला हवी तेवढीच साखर असायची.

सासूबाई गेल्या आणि तुम्ही पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे पामर्स्टन नॉर्थला आलात, तेव्हा सई चार वर्षांची होती आणि मला नुकतीच सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती. तुम्ही नसतात तर ती नोकरी मला पहिल्या सहा महिन्यांत सोडावी लागली असती. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. सईला शाळेत सोडणं, आणणं, तिला खाऊ घालणं, तिचा ताप, तिचे दात, सगळं तुम्ही केलंत. हिवाळ्यात सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ काढून ठेवायचात, मी ऑफिसला निघायच्या आधी. मी म्हणायचे, कशाला करता? तुम्ही म्हणायचात, मग दिवसभर मी करू काय?

काय करायचं ते तुम्हीच शोधून काढलंत. पस्तीस वर्षं कॉलेजात पोरांना बेडूक फाडायला शिकवलेला माणूस तुम्ही, एक दिवस सरळ बस पकडून इथल्या संशोधन संस्थेत गेलात आणि म्हणालात, मला काहीतरी काम द्या, पगार नको. तिथला कीटक संग्रह सांभाळणारी हेलन तुम्हाला भेटली. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण तुम्ही तिला मॅडम म्हणायचात आणि ती तुम्हाला प्रोफेसर. आठवड्यातून दोन दिवस तुम्ही तिथे बसून बारक्या बारक्या मेलेल्या पतंगांना टाचणीवर खोचून त्यांचे पंख पसरायचात. दिव्यावर येणारी ती तांदळाएवढी पाखरं, जी मी फडक्याने पुसून टाकते. घरी आलात की त्यांच्याबद्दल सांगायचात आणि मी भाजी चिरता चिरता हं हं म्हणायचे. एकदा मी म्हणालेसुद्धा की नाना, जगात एवढी माणसं मरतात, या किड्यांची नावं माहीत असली काय आणि नसली काय. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, "नाव नसलं म्हणजे मेलेलंही कुणाला कळत नाही."

मग तो पतंग आला. फेब्रुवारीतली सकाळ होती, सईची आंघोळ चालली होती आणि बाथरूमच्या खिडकीवर तो बसला होता. तुम्ही जॅमची रिकामी बाटली त्याच्यावर ठेवलीत आणि सई टॉवेल गुंडाळून ओरडत राहिली की नाना, आय अॅम कोल्ड. राखाडी, पंखावर दोन तिरके पांढरे पट्टे, करंगळीच्या नखात मावेल एवढा. इथल्या एकाही पुस्तकात तो सापडेना. हेलनलाही ओळखू येईना. तुम्ही महिनाभर चाळत बसलात आणि शेवटी तुमच्या लक्षात आलं, हा इथला नाहीच. उत्तर अमेरिकेच्या जंगलातला आहे. तिकडच्या सूचिपर्णी झाडांवर याची अळी वाढते, आणि तीच झाडं आपल्या गल्लीच्या टोकाला रांगेने लावलेली आहेत. तिकडेसुद्धा त्याला फारसं कुणी ओळखत नाही, साधं बोलीतलं नावही नाही, नुसतं लॅटिन. हेलन म्हणाली, नक्की ठरलं तर ही या देशातली पहिली नोंद असेल. शोधणाऱ्याच्या नावासकट छापून येईल.

त्या दिवशी तुम्ही श्रीखंड आणायला लावलंत. इथे कुठलं श्रीखंड, मी योगर्ट रात्रभर टांगून केलं. जेवताना तुम्ही समीरला म्हणालात, पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं रे, एक ओळ माझी असेल. समीर मान हलवून वाढून घेत राहिला. मला मात्र तुमचा चेहरा दिसला होता. म्हणून मी असं म्हणूच शकत नाही, की मला कल्पना नव्हती.

खात्री करायला तिकडचे नमुने हवे होते. हेलनच्या ओळखीने कॅनडातल्या एका जुन्या अभ्यासकाशी तुमचा वर्षभर पत्रव्यवहार चालला आणि नाताळाच्या आधी तीन पतंग आले, छोट्या डबीत. हेलन सुट्टीवर समुद्रकाठी निघाली होती. तिने डबी तुमच्यावर विश्वासून घरी नेऊ दिली, पंखांची चित्रं काढायला. ते तिन्ही काळ्या टाचण्यांवर होते. तुमचा पांढऱ्या टाचणीवर. तुम्ही मला बोलावून दाखवलं होतंत की बघ मीनल, चौघे भाऊ दिसतात की नाही? मी बघितलं. खरंच सारखे दिसत होते. प्रत्येकाच्या खाली टाचणीत ओवलेली एक चिठ्ठी, भाताच्या शितांची जोडी मावेल एवढी. कुठे सापडला, कधी, कुणाला. चिठ्ठी गेली तर पतंग फुकट, असं तुम्ही सांगितलं होतंत, अगदी याच शब्दांत.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. मंडळाच्या पंचवीस बायका यायच्या होत्या आणि डायनिंग टेबलावर तुमचा संसार मांडलेला. समीरने नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, तुम्हाला त्यावर पतंगांचे फोटो काढायचे होते, म्हणून चिठ्ठ्या टाचण्यांवरून काढून प्रत्येक पतंगासमोर एकेक ठेवलेली. मी सकाळीच म्हणाले होते, नाना, बारापर्यंत टेबल हवंय मला. तुम्ही म्हणालात, सईला पार्कातून फिरवून आणतो आणि आवरतो. साडेबारा झाले तरी पत्ता नाही. माझं डोकं तापलेलं, कढईत वडे, घरभर धूर. मी रँच स्लायडर, अंगणाकडचं सरकतं काचेचं दार, सताड उघडला. आपल्या गावचा वारा तुम्हाला माहीतच आहे. चिठ्ठ्या उडाल्या, आणि त्या पकडायला मी हात मारला तर पतंग खोचलेला फोमचा तुकडाच उलटा होऊन खाली गेला.

काळ्या टाचण्यांचे तिघेही शाबूत होते. पांढऱ्या टाचणीचा कार्पेटवर तोंडावर पडला होता. मी वाकून उचलायला गेले. चिमटा घ्यायला हवा होता, एवढं तरी तुमच्यासोबत राहून मला कळायला हवं होतं. मी बोटांनी उचलला. बोटाला राखाडी भुकटी लागली, आणि टाचणी तेवढी हातात उरली.

त्या पाच मिनिटांत मी काय केलं ते मला सगळं आठवतं. भुकटी व्हॅक्यूमने ओढून घेतली. टाचणी कचऱ्यात टाकली. कॅनडाची एक चिठ्ठी सिंकमध्ये सोडून नळ उघडला. तुमच्या हाताने लिहिलेली, ‘पामर्स्टन नॉर्थ, बाथरूमची खिडकी’ म्हणणारी चिठ्ठी एका काळ्या टाचणीत ओवली, उरलेल्या दोन दोघांत ओवल्या, आणि तिघांना डबीत घालून डबी तुमच्या कपाटात ठेवली. माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका हुडकायची आहे, त्यामुळे चूक कशी लपते तेही मला पक्कं माहीत होतं. बायका जाऊ देत, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणाले. शपथ घेऊन सांगते, खरंच सांगणार होते.

तुम्ही आलात ते हसत. सईला डक्स दाखवत बसलात म्हणून उशीर झाला होता. टेबल रिकामं बघून तुम्हीच ओशाळलात, मला सॉरी म्हणालात. संध्याकाळी शेवटची बाई तिळगूळ आणि वाण घेऊन गेली तेव्हा तुम्ही डबी उघडली. मी पेपर प्लेट्स गोळा करत होते.

"मीनल, कॅनडाचे तीन होते ना गं?"

मी म्हणाले, "दोनच होते, नाना."

कसं निघालं तोंडातून ते मला आजही कळत नाही. तुम्ही परत डबीत बघितलंत. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, पण काळं पांढरं कळत नाही इतका नाही. तुम्ही म्हणालात, याची टाचणी पांढरी होती असं वाटतं मला. मी म्हणाले, तुम्हीच बदललीत की मागच्या आठवड्यात. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, तो मी दिला. तुम्ही म्हणालात, असेल. तू म्हणतेस तर असेल. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि हे मला काहीही केलं तरी विसरता येत नाही.

हेलन आल्यावर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून डबी घेऊन गेलात. तिने भिंगाखाली धरलं आणि दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं. टाचणी कॅनडाची, पंख पसरायची पद्धत कॅनडाची. आणि आले होते तीन, तशी पत्रात नोंद होती, म्हणजे तिसरा हाच. प्रोफेसरांच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मुळात खिडकीवर काय बसलं होतं कोण जाणे, एखादा इथलाच साधा पतंग असेल. ती हे फार हळुवारपणे बोलली म्हणे, आणि तुम्हाला घरापर्यंत सोडायला आली. दारात मला बाजूला घेऊन म्हणाली, त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. मी तिला चहा विचारला. दोनच होते म्हणणारी मी चुकले असेन, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

त्यानंतर तुम्ही दुसरा पतंग शोधायला लागलात. रोज दुपारी गल्लीच्या टोकाला जायचं, छत्री उघडून उलटी धरायची आणि काठीने फांद्या झोडायच्या. छत्रीत काय काय पडेल ते गुडघ्यावर बसून बघायचं. ही किडे गोळा करायची जुनी रीत आहे हे मला माहीत होतं, तुम्ही सईला शिकवली होतीत. शेजारच्या बाईंनी मला ऑफिसात फोन केला की तुमचे सासरे झाडांना मारतायत, सगळं ठीक आहे ना? मी त्यांना रीत समजावून सांगू शकले असते. मी थँक्यू म्हणाले आणि समीरला सांगितलं.

समीरने तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा, शंभरातून सात सात वजा करा. तुम्ही सगळं बरोबर केलंत, फक्त वार चुकलात. रिटायर माणसाला वार कशाला लागतो? डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, सहा महिन्यांनी परत बघू. पण समीरच्या मनात पाल चुकचुकली होती. त्याच्या आत्याला विसरण्याचा आजार झाला होता, त्याने सगळं जवळून पाहिलं होतं. त्याने सईची शाळेची ने-आण बंद केली, तिला आफ्टर स्कूलला घातलं. तुम्ही वाद घालाल असं मला वाटलं होतं. घालायला हवा होतात. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे तुझं, लहान पोर आहे, धोका नको. आणि तीन वाजले की तुम्ही लेटरबॉक्सपाशी जाऊन उभे राहायचात, सवयीने. मला हे सई बोलली, मी तर ऑफिसात असायचे.

तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलात. गॅस बंद केला, दहा वाजून पाच. गोळी घेतली. दार लावलं. त्याच बारीक, सरळ अक्षरात. शर्टाच्या खिशातून, उशीखालून, पोथीतून, सगळीकडून त्या निघायच्या. तुमचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता आणि तो मी उडवला होता. किती वेळा सांगायला आले. एकदा तर तुमच्या खोलीत येऊन बसलेही. तुम्ही म्हणालात, काय गं, पैसे हवेत? मी म्हणाले, नाही, सहज. दर महिन्याला सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी मी एक किडा मोडला होता. वर्षाने मला सांगावं लागलं असतं की मी तुम्हाला मोडलं. एवढी हिंमत माझ्यात नव्हती. भांडखोर म्हणून मी मंडळात प्रसिद्ध आहे, पण आतून निव्वळ भेकड आहे, हे तुम्हाला बहुतेक माहीत नव्हतं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात न्यूमोनियाने तुम्ही अगदी एवढेसे झाला होतात. समीर गाडी लावायला गेला होता. आता सांगायचं असं ठरवून मी खुर्ची जवळ ओढली. तुम्हीच आधी बोललात. म्हणालात, "माझ्या डोक्याचा भरवसा नाही राहिला, मीनल. तू आहेस म्हणून बरं. तुझ्या सगळं नीट लक्षात असतं." आणि माझ्या हातावर थोपटलंत. मी तुम्हाला पाणी पाजलं. समीर आला. झालं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी समीरला सगळं सांगितलं. सई शेजारी टेबलावर होमवर्क करत होती, तिला बाहेर पाठवलं नाही. समीरने ऐकून घेतलं. उठून तुमच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्याला काय वाटत असेल ते मला कळतं. ने-आण त्याने बंद केली होती, माझ्या शब्दावर. अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. सई आता बारा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. ती वहीतून वर न बघता म्हणाली, "आय यूज्ड टु चेक द गॅस बिहाइंड हिम, आई. ही सॉ मी डुइंग इट." तिला तसं बघायला मीच सांगितलं होतं.

काल मी हेलनकडे गेले. ती तुमच्यासाठी रडली, मग मी बोलले आणि ती रडायची थांबली. मी विचारलं, आता तरी त्यांच्या नावाने नोंद होईल का? ती म्हणाली, नाही. पतंग नाही तर नोंद नाही, कुणाच्या शब्दावर होत नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. मग तिने कपाटातून एक खण काढला. कॅनडाचा तो तिसरा पतंग तिथेच होता, काळ्या टाचणीवर, त्याच्याखाली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आणि तिच्याखाली हेलनची: चिठ्ठी चुकीची, संग्राहकाचा घोटाळा. मी म्हटलं, ही तरी काढा. ती म्हणाली, आमच्यात एकदा लावलेली चिठ्ठी कधीच काढत नाहीत, खोटी असली तरी. खाली आणखी एक लावता येते, एवढंच. आणि तिने मला जाड कागदाचा तेवढासा तुकडा दिला आणि सुईसारखं बारीक पेन.

चार तुकडे वाया गेले माझे. पाचव्यावर कसंबसं मावलं: प्रोफेसरांनी पकडलेला पतंग खरा होता. तो माझ्या हातून मोडला आणि चिठ्ठी मी बदलली. त्यांची चूक नव्हती. हेलनने ते भिंगाखाली वाचलं आणि म्हणाली, खाली नाव लागतं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. तिने टाचणी उपटली, चिठ्ठी ओवली, आणि खण आत सरकवला.

आता समीरला माहीत आहे, सईला माहीत आहे, हेलनला माहीत आहे, पुढे कधी कुणी तो खण उघडलाच तर त्यालाही कळेल. एक तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं, नाना.